'डॉन्टिंग': छाती दडपवणारा शब्द

हजार पानांचं पुस्तक टेबलावर ठेवलंय. अजून उघडलेलंही नाही, पण नुसती जाडी बघूनच छाती दडपते. अशा वेळी इंग्रजीत जो शब्द ओठांवर येतो तो 'डॉन्टिंग'.

त्याचा अर्थ 'अवघड' एवढ्यावरच उरकला जातो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. 'डिफिकल्ट' हे कामाचं वर्णन झालं. 'डॉन्टिंग' सांगतो ते काम समोर दिसताच मनाचं काय झालं ते. तीनशे पानं वाचून झाली की पुस्तक डिफिकल्ट असेल, डॉन्टिंग बहुधा उरणार नाही. म्हणून हे विशेषण टास्क, चॅलेंज, प्रॉस्पेक्ट अशा पुढ्यात आ वासून उभ्या असलेल्या गोष्टींना शोभतं. 'डॉन्टिंग, बट नॉट इम्पॉसिबल' असं सहज म्हणता येतं. 'इन्सर्माउंटेबल' म्हटलं की मात्र वाट खुंटली, कारण त्याचा अर्थच 'ओलांडता न येणारं'.

वापरताना एवढं सांभाळा: काम डॉन्टिंग, माणूस डॉन्टेड. 'आय अ‍ॅम डॉन्टिंग' म्हणालात तर 'मला बघून लोक दबकतात' असा अर्थ होईल.

या शब्दाचं कूळ तर फारच सुरेख आहे. मध्ययुगात तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मागे उभं आहे लॅटिन 'दोमारे', म्हणजे माणसाळवणं, काबूत आणणं. संस्कृतातला 'दम्' धातू आणि त्यावरून आलेलं आपलं 'दमन' हे याच कुळातले. इंग्रजीतला 'टेम' हा शब्दही त्यातलाच, पण तो फ्रेंचच्या वाटेने आला नाही, घरचाच आहे. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची (म्हणजे जर्मन, डच वगैरे तिच्या बहिणी), तिथे मूळच्या 'द'चा 'ट' झाला. म्हणून आपलं 'दोन' तिकडे 'टू' आणि 'दहा' तिकडे 'टेन'. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये हे ध्वनिबदल नियमात बसवून दाखवले. लॅटिनमध्ये 'द' टिकला, त्यामुळे तिथून आलेल्या 'डॉन्टिंग'मध्ये 'ड' ऐकू येतो.

'इनडॉमिटेबल' हाही 'दोमारे'च्याच घरातला. शब्दकोशात त्याच्यासमोर 'अदम्य' लिहिलेलं असतं. अर्थ म्हणून दिलेला हा शब्द त्याचा नातेवाईकच आहे: 'डॉम' आणि 'दम्' एका मुळाचे, आणि नकाराचे 'इन' आणि 'अ' हेही एकाच मुळाचे.