दोनशे किलोमीटर आणि नवी मुंबईचा घाम

बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचा मोसम जवळ आला की पाम बीच रोडवर पहाटे साडेपाचलाच सायकलींचे दिवे लुकलुकू लागतात. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४० असं या राइडचं गणित. कागदावर ते सोपं वाटतं. २०० साठी ताशी १५ चा वेग पुरतो, चहापाण्याचे थांबे धरून. तरीही चांगल्या पायांची माणसं अर्ध्यातून टेम्पोत सायकल टाकून परत येतात. माझ्या मते त्यात पायांचा दोष कमी, पोटाचा आणि घामाचा जास्त.

आधी घाम. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोचवतात, उरलेल्याची उष्णता होते. पेडलवर १५० वॅट देणारा, म्हणजे फारशी धाप न लागता बऱ्यापैकी वेगात जाणारा माणूस अंगात साधारण ५०० वॅट उष्णता तयार करत असतो. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम त्वचेवरून उडाला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने तासाला पाऊण लिटर घाम उडाला तरी भागतं.

पण तो उडायला हवा ना! खाडीकाठच्या दमट हवेत घाम हनुवटीवरून टपटप सायकलच्या दांडीवर पडतो. जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, त्यातलीच ही गत. टपकलेल्या घामाने गारवा मिळत नाही, पाणी आणि मीठ तेवढं जातं. शरीर आणखी घाम सोडत राहतं. सपाटीवर निदान अंगावर वारा असतो. खोपोलीनंतर शिंग्रोबाचा घाट लागला की वेग ताशी ८-१० वर येतो, वारा पडतो आणि मेहनत वाढते. रक्त स्नायूंनाही हवं, उष्णता बाहेर टाकायला त्वचेलाही हवं. या ओढाताणीत हृदयाचे ठोके चढेच राहतात.

दिवसभर ऐरोलीच्या एसी ऑफिसात आणि संध्याकाळी एसी लावून ट्रेनरवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड), अशा सरावाने दम वाढेल. उकाड्याची सवय होणार नाही. ती सवय रोज तासभर उकाड्यात सायकल चालवली तर १० ते १४ दिवसांत होते. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. मात्र सराव सुटला की काही आठवड्यांत सगळं पूर्वपदावर. (म्हणून कुणी मे महिन्यात भर दुपारी बाहेर पडू नये. सकाळी आठ-नऊचा उकाडा पुष्कळ झाला.)

आपला घाम किती, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. निघण्याआधी वजन ७० किलो, तासाभराने अंग पुसून, घामेजलेले कपडे उतरवून ६९.२, मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर घाम गेला १.३ लिटर. एवढं सगळं तासागणिक भरून काढायला पोट तयार नसतं आणि तशी गरजही नसते. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, क्वचित भ्रमही होतो. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज एकत्र असतात, कारण आतड्यात दोघांना आत घेणारं प्रथिन एकच आहे आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. पण एका लिटरमध्ये ग्लुकोज अवघं १३.५ ग्रॅम. त्यावर पोट भरत नाही.

१५० वॅटला तासाला साडेपाचशे-सहाशे किलोकॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात मिळून साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २००० किलोकॅलरी. चरबीचा साठा भरपूर, पण ती सावकाश जळते. गप्पा मारता येतील अशा वेगाच्या लांब राइड महिनोन्‌महिने केल्या की स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया (पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या) वाढतात आणि चरबीचा वापर सुधारतो. रोज जोर लावणाऱ्यांना हे पटवणं मात्र कठीण.

बाकीची भर खाऊन घालायची. आतडं तासाला सुमारे ६० ग्रॅम ग्लुकोज शोषतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने आत जातं, म्हणून दोन्ही मिळून ९० पर्यंत मजल जाते. केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की यांत दोन्ही असतात. खोपोलीचा बटाटेवडा मोह पाडतो खरा, पण तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतो आणि पुढे घाट असतो. धावत्या सायकलवर दर अर्ध्या तासाला खायची सवय आतड्यालाही लावावी लागते. आदल्या दिवशी आणलेली नवी एनर्जी जेल (साखरेच्या घट्ट पाकाची पुडी) थेट राइडमध्ये फोडणं म्हणजे उलटीला आमंत्रण.

राइडआधीच्या शेवटच्या आठवड्यात सरावाचं अंतर निम्म्यावर आणावं, भात-पोळी नेहमीपेक्षा थोडी जास्त खावी. अशा वेळी वजनकाटा किलोभर वर गेलेला दिसतो आणि लोक घाबरून जेवण कमी करतात. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठताना बरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वाढलेलं वजन त्याचंच असतं, तेव्हा खुशाल जेवा.