‘बेचाळीस’चे चोवीस का होतात?

‘घरात दोन-तीन भाषा असल्या की मूल गोंधळतं, तेव्हा घरीही शाळेचीच भाषा बोला’ हा सल्ला पालकांना आजही सर्रास मिळतो. पुरावा म्हणून मुलाची वही पुढे केली जाते: ‘बेचाळीस’ सांगितलं, यानं २४ लिहिलं. पण ही चूक गोंधळातून होत नाही. मूल एक नियम पाळतं, म्हणून ती होते. तो नियम त्याच्या कानात कुठून आला हे शिक्षकाला कळलं, तर दुरुस्ती फारशी अवघड नसते.

‘बेचाळीस’ ऐकताना आधी दोन कानावर पडतात, मग चाळीस. जर्मन आणि अरबीतही एकक आधी येतो. लिहिताना मात्र दशक आधी. इंग्रजी ‘फॉर्टी-टू’मध्ये बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळतो, पण ‘फोर्टीन’मध्ये पुन्हा उलटतो. ऑस्ट्रियातल्या जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनाचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या चुका अंक उलटे लिहिण्याच्या होत्या. तिथे चूक घडवणारा क्रम खुद्द जर्मनचाच होता, दुसऱ्या कुठल्या भाषेचा नव्हे.

मराठीत आणखी एक वळण आहे. एकवीस, बावीस, तेवीस करत अठ्ठावीसपर्यंत ‘वीस’ ऐकू येतं आणि मग एकदम ‘एकोणतीस’. ‘तीस’ ऐकलं, नऊ येणार हे माहीत आहे, म्हणून मूल ३९ लिहितं. ‘एकोण’चा नियम पाठ झाला की ९९ला तो मोडतो, कारण आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. फ्रान्समधल्या फ्रेंचमध्ये बहात्तर म्हणजे ‘साठ-बारा’, तेव्हा तिथलं मूल ६०१२ लिहितं. बेल्जियमच्या फ्रेंचमध्ये सत्तरसाठी स्वतंत्र शब्द असल्यामुळे या चुकीला तिथे जागाच नाही. चिनीत अकरा म्हणजे सरळ ‘दहा-एक’. चिनी आणि अमेरिकन बालकांची १९९५मध्ये तुलना झाली, तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोघं बरोबरीनं होती. फरक पडला तो अकरापासून पुढे, जिथे इंग्रजी शब्द अनियमित होतात.

एकक आधी ऐकणाऱ्या मुलाला तो मनात धरून ठेवावा लागतो, दशक ऐकायचं, ते लिहायचं आणि मग धरलेला एकक काढायचा. सहा वर्षांच्या मुलाला हे ओझं जड आहे. काही मुलं स्वतःच युक्ती शोधतात: डावीकडे जागा सोडून आधी २ लिहायचे, मग त्याच्या डावीकडे ४. कागदावर उत्तर बरोबर दिसतं, पण कीपॅडवर तेच मूल २४ दाबतं. म्हणून संख्या सांगताना कागदाकडे पाहू नका, मुलाच्या हाताकडे पाहा.

आता चूक नेमकी कुठली हे तपासायचं. बेचाळीस काड्या मांडायला सांगा, दहा-दहाच्या जुड्या आणि सुट्या. मग ६८ आणि ८६ लिहून, काही न बोलता, मोठी संख्या दाखवायला सांगा. शेवटी तीच संख्या घरच्या आणि शाळेच्या भाषेत वेगवेगळी सांगून लिहून घ्या. काड्या आणि तुलना बरोबर, फक्त ऐकून लिहिणं चुकतंय, तर अडचण शब्दांच्या क्रमाची. काड्याही चुकल्या तर स्थानिक किंमतच समजलेली नाही. तिथे भाषेला दोष देऊन चालणार नाही.

क्रमाच्या अडचणीवर एकावर एक ठेवायची कार्डं उत्तम. दशकाचं कार्ड १० सेंटिमीटर रुंद, एककाचं ५ सेंटिमीटर. उंची सारखीच. ४०च्या कार्डावर २चं कार्ड उजव्या कडेला जुळवून ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ४२ दिसतात. शेजारी-शेजारी ठेवलीत तर मूल ४०२ वाचेल. रोज पाच मिनिटं पुरतात, मात्र प्रत्येक संख्या दोन्ही भाषांत मोठ्यानं म्हणायची आणि कुठला तुकडा आधी ऐकू आला त्या कार्डावर बोट ठेवायचं. मराठी-इंग्रजी मुलांबरोबर सुरुवात चाळिशी-साठीच्या संख्यांनी करा. इंग्रजी ‘टीन’ आणि मराठी ‘एकोण’ नंतर घ्या.

पाढ्यांचं गणित वेगळं. अचूक आकडेमोड ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत झटकन होते. अंदाजाला भाषेचं फारसं बंधन नसतं. रशियन-इंग्रजी द्वैभाषिक प्रौढांवरच्या २००१च्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. तेव्हा माध्यम बदललेल्या मुलाला घरच्या भाषेत पुटपुटू द्या, उत्तर शाळेच्या भाषेत घ्या, आणि वेळ जास्त द्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजलं होतं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. पुटपुटून भाषांतर करणाऱ्या मुलाला तर ते तीन सेकंद हवेतच.

घरची भाषा तोडणं जितकं चूक, तितकीच ‘दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो’ ही जाहिरातबाजीही पोकळ आहे. अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजारांवर मुलांच्या २०१९च्या अभ्यासात लक्ष आवरण्यासारख्या क्षमतांमध्ये द्वैभाषिकांना असा काही फायदा आढळला नाही. घरची भाषा जपायला ते आमिष लागू नये. मुलानं जे शिकलंय ते त्या भाषेत आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

चिन्हांकडेही लक्ष असू द्या. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ हा इंग्रजी आठसारखा. अरबीतला पाच गोल शून्यासारखा असतो. जर्मनीत दशांशासाठी टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. जपानी मूल मोजताना उघड्या तळहाताची बोटं मिटत जातं, म्हणजे दोन म्हणताना त्याची तीन बोटं उभी असतात. त्याच्या शाळेत बरोबर उत्तराभोवती गोल काढतात आणि टिकमार्क चुकीसाठी वापरतात. अशा मुलाची वही तपासण्याआधी, आपल्या वर्गात टिकमार्कचा अर्थ ‘बरोबर’ असा आहे, हे त्याला खूण काढून दाखवा.