अर्ध्या सेकंदासाठी आठ माणसं

१३ जानेवारी २०१३ रोजी अटलांटात अमेरिकन फुटबॉलचा सामना संपायला ३१ सेकंद उरले होते आणि सिअ‍ॅटल सीहॉक्स २८-२७ असे एका गुणाने पुढे होते. मध्यंतराला हाच संघ ०-२० असा मागे होता. एवढी पिछाडी भरून काढल्यावर आता फक्त अर्धा मिनिट तग धरायचा होता. पण अटलांटाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, मॅट रायन याने दोनच पास फेकले, एक २२ यार्डांचा आणि दुसरा १९ यार्डांचा. मग ४९ यार्डांवरून मारलेल्या किकने तीन गुण मिळाले आणि ३०-२८ अशा फरकाने सिअ‍ॅटलचा हंगाम संपला.

दोष साहजिकच मागच्या फळीवर, म्हणजे पास अडवणाऱ्या खेळाडूंवर येतो. मला मात्र हा पराभव पुढच्या फळीचा वाटतो. रायनला हवा तेवढा वेळ मिळाला होता. सलग तीन हंगाम ११ किंवा अधिक सॅक करणारा, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणारा ख्रिस क्लेमन्स आदल्याच आठवड्यात वॉशिंग्टनच्या मैदानावर जायबंदी झाला होता. त्याच्या गुडघ्यातलं अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट फाटलं होतं. तो नसताना दबाव आणणं कठीण झालं होतं. पुढच्या सहा महिन्यांत सिअ‍ॅटलने ही फळी ज्या पद्धतीने नव्याने बांधली, त्यात शरीरशास्त्र आणि भौतिकशास्त्र दोन्ही आहेत.

आधी खेळाबद्दल थोडं. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. इथे प्रत्येक चाल जेमतेम चार ते सहा सेकंद चालते, मग विराम, मग पुढची चाल. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. त्याच्यासमोर त्याचेच पाच धिप्पाड साथीदार भिंत करून उभे असतात आणि बचाव करणाऱ्या संघाचे साधारण चार जण ती भिंत फोडू पाहतात. हे चार म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. मागचे सात जण पास घेऊ पाहणाऱ्यांवर नजर ठेवतात.

चेंडू हातात आल्यापासून पास सुटेपर्यंत क्वार्टरबॅक सरासरी अडीच ते पावणेतीन सेकंद घेतो. सगळा खेळ या अवधीत आहे. हा वेळ अर्ध्या सेकंदाने वाढला तर सेकंदाला आठ मीटर वेगाने पळणारा खेळाडू आणखी चार मीटर पुढे गेलेला असतो, आणि जगातल्या कोणत्याही बचावपटूला तेवढा काळ त्याला चिकटून राहणं कठीण असतं. सिअ‍ॅटलकडे रिचर्ड शर्मन, अर्ल थॉमस, कॅम चान्सलर अशी दिग्गजांची मागची फळी होती. त्यांची गुणवत्ता अडीच सेकंद पुरत होती, चार सेकंद नाही.

मग आणखी एखादा माणूस पुढे पाठवून दबाव का वाढवू नये? वाढवता येतो, पण मग मागे सहाच उरतात आणि चांगला क्वार्टरबॅक ती मोकळी जागा लगेच हेरतो. म्हणून चौघांनीच काम करावं, हे प्रशिक्षकाचं स्वप्न असतं. पाचाविरुद्ध चार या गणितात आक्रमणाकडे एक माणूस जास्तीचा असतो. चौघांत एकच जण धोकादायक असेल तर त्याच्यावर दोघे लावता येतात आणि प्रश्न मिटतो. दोन-तीन जण धोकादायक असतील तर तो जास्तीचा माणूस कुणाकडे लावायचा? क्लेमन्सएवढाच आणखी एक खेळाडू आणून भागलं नसतं, ते इथे.

आता स्नायूंकडे येऊ, कारण मला सगळ्यात रोचक वाटतो तो हा भाग. सव्वाशे किलोचा माणूस पूर्ण ताकदीने पाच सेकंद धडक देतो तेव्हा त्याच्या स्नायूंना ऑक्सिजनची वाट पाहायला वेळ नसतो. स्नायूंचं चलन म्हणजे एटीपी, आणि त्याचा साठा दोन-तीन सेकंदांत संपण्याइतकाच असतो. तो तत्काळ पुन्हा तयार करून देणारा पदार्थ म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. कमाल जोरावर हा साठाही दहाएक सेकंदांत बराचसा उतरतो. खर्च झालेलं फॉस्फोक्रिएटिन निम्मं भरून यायला साधारण अर्धा मिनिट लागतो, जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. दोन चालींमध्ये घड्याळ जास्तीत जास्त ४० सेकंद देतं. म्हणजे प्रत्येक चालीनंतर थोडी उधारी शिल्लक राहते. सलग आठ-दहा चाली झाल्या की ती साचते. ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याचा भार वाढतो, स्नायूंतली आम्लता वाढते, आणि त्या आम्लतेमुळे फॉस्फोक्रिएटिन भरून येण्याचा वेगही मंदावतो. बाहेरून पाहणाऱ्याला खेळाडू ठीकच दिसतो. पण त्याच्या पहिल्या पावलाची धार गेलेली असते, आणि या जागेवर पहिलं पाऊलच सर्वस्व असतं.

यावर औषध एकच, बाहेर बसणं. दोन-तीन चाली विश्रांती मिळाली की दोन-तीन मिनिटं मिळतात आणि साठा बऱ्यापैकी भरतो. पण त्यासाठी बाहेरून आत येणारा माणूस आत असलेल्याइतकाच चांगला हवा. चार जणांची फळी उत्तम करायची तर आठ माणसं लागतात.

मार्च २०१३ मध्ये करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडला तेव्हा व्यवस्थापक जॉन श्नायडर आणि मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल यांनी नेमकं हेच केलं. डेट्रॉइटहून क्लिफ एव्हरिल दोन वर्षांच्या करारावर आला, टँपा बेहून मायकल बेनेट एका वर्षाच्या. आदल्या हंगामात एव्हरिलचे साडेनऊ सॅक होते, बेनेटचे नऊ. बेनेटला २००९ मध्ये सिअ‍ॅटलनेच घेऊन सोडून दिलं होतं. मधल्या जागेसाठी मायामीहून टोनी मॅकडॅनियल आला. बचावाची सूत्रं डॅन क्विन यांच्याकडे आली. त्यांनी पूर्वी याच संघात डिफेन्सिव्ह लाइनला शिकवलं होतं. हे परवडलं कसं? त्या वर्षी प्रत्येक संघाला पगारावर १२ कोटी ३० लाख डॉलरची मर्यादा होती, आणि सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन नवखा असल्याने त्याला वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षाही कमी पडत होते. वाचलेला पैसा विश्रांती विकत घेण्यात गेला, असं मी म्हणेन.

एव्हरिल आणि बेनेट या दोघांची जातकुळी वेगळी होती, हेही महत्त्वाचं. बेनेट चेंडू हलताक्षणी झेपावायचा आणि पास फेकण्याच्या चालींत मधल्या जागेवरूनही घुसायचा. एव्हरिल कडेने वळसा घालून यायचा. हा वळसा सोपा नसतो. सुमारे ११८ किलोचा माणूस सेकंदाला पाच मीटर वेगाने तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर धावतो असं धरा. त्याला लागणारं अभिकेंद्री बल जवळपास एक हजार न्यूटन, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८५ टक्के निघतं. हे सगळं बल बुटाचे खिळे आणि गवत यांच्या पकडीतूनच यावं लागतं. तोल सांभाळायला त्याला उभ्या रेषेपासून सुमारे ४० अंश आत झुकावं लागतं, घाटातल्या वळणावर मोटारसायकल झुकते तसं. वर आणखी १४० किलोचा माणूस त्याला बाहेर ढकलत असतो. घोट्याची लवचीकता आणि मांड्यांची ताकद यांच्याशिवाय हे जमत नाही, आणि ती कमवायची वेळ म्हणजे हंगामाबाहेरचे महिने. त्या काळातल्या सरावात अंगावर धडकायला नियमाने बंदी असते. खरी टक्कर जुलैअखेर शिबिर सुरू झाल्यावरच होते. तोवर हातांच्या हालचाली, पावलं आणि व्यायामशाळा. क्लेमन्सही याच महिन्यांत गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. नवं रोपलेलं ऊतक आधी कमकुवत होतं आणि मग हळूहळू लिगामेंटसारखं घट्ट होत जातं. त्यात घाई करता येत नाही. तो सप्टेंबरमध्ये मैदानावर परतला. त्याची जागा भरणारे दोघे आधीच असल्याने त्याला ओढूनताणून खेळवावं लागलं नाही.

या फळीला आणखी एक साथीदार होता, प्रेक्षक. आक्रमणाच्या भिंतीला चेंडू केव्हा हलणार हे आवाजी इशाऱ्यावरून आधीच ठाऊक असतं. बचावपटूला मात्र चेंडू हललेला दिसल्यावरच निघता येतं, आणि डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. एवढी आघाडी भिंतीला फुकट मिळते. पण सिअ‍ॅटलच्या मैदानात सप्टेंबर २०१३ मध्ये १३६.६ आणि डिसेंबरमध्ये १३७.६ डेसिबल असा विक्रमी आवाज नोंदवला गेला. त्या गदारोळात इशारा ऐकूच येत नाही. मग भिंतीलाही मूक खुणांवर किंवा चेंडूकडे पाहूनच निघावं लागतं आणि आघाडी विरून जाते.

२०१२ मध्ये ३६ असलेले सॅक २०१३ मध्ये ४४ झाले. बेनेट साडेआठ, एव्हरिल आठ. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, कारण काम अनेकांत वाटलेलं होतं. २ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यू जर्सीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, समोर डेन्व्हर होतं. त्या हंगामात त्यांनी ६०६ गुणांचा विक्रम केला होता आणि त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने टचडाउनचे, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार पोचवणारे, ५५ पास फेकले होते. पहिल्याच चालीत गोंगाटामुळे चेंडू चुकीच्या वेळी सुटला, मॅनिंगला ओलांडून मागे गेला आणि १२ व्या सेकंदाला सिअ‍ॅटलला दोन गुण मिळाले. दुसऱ्या सत्रात एव्हरिलने मॅनिंगच्या फेकणाऱ्या हाताला धक्का दिला, चेंडू हवेत लटकला आणि सिअ‍ॅटलचा माल्कम स्मिथ तो घेऊन ६९ यार्ड धावला. सामना ४३-८ असा संपला, तेही जादा माणूस क्वचितच पुढे पाठवून.

उलटा पुरावा वर्षभरात मिळाला. २०१४ च्या उन्हाळ्यापूर्वीच पगाराच्या मर्यादेपायी याच फळीतल्या क्लेमन्स आणि रेड ब्रायंट यांना सोडावं लागलं. त्यांचा साथीदार क्लिंटन मॅकडोनल्ड दुसरीकडे गेला. हंगामात फळीतले ब्रँडन मिबेन आणि जॉर्डन हिल जखमी झाले. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध सिअ‍ॅटल पुढे असताना तिसऱ्या सत्रात एव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेला. बेनेट दमेपर्यंत लढला, पण आत-बाहेर करायला माणसंच नव्हती. शेवटच्या सत्रात न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने १५ पैकी १३ पास पूर्ण केले, त्यांतले दोन टचडाउनचे, आणि न्यू इंग्लंड २८-२४ ने जिंकलं.