मऊ कुकीतलं पाणी

ओव्हनमधून काढल्या काढल्या प्रत्येक कुकी मऊच असते. कुरकुरीत होणारं बिस्किट आणि मऊ राहणारी कुकी गरम ट्रेवर शेजारी ठेवली, तर बोटाने दाबून कोणती कुठली ते सांगता यायचं नाही. फरक पडतो तो थंड होताना. कुकीत साखर आणि पाण्याचा दाट पाक असतो. त्यात पाणी फार कमी उरलं असेल, तर थंड होता होता तो काचेसारखा घट्ट होतो. भौतिकशास्त्रात या अवस्थेला काचरूप म्हणतात. चिक्कीचा पाक ताटात ओतताना वाहतो आणि पाच मिनिटांत कडाकड मोडतो, तेही हेच. पाणी जरा जास्त उरलं, की साखरेचे रेणू एकमेकांत अडकून बसत नाहीत; घरातल्या तापमानालाही पाक लवचिक राहतो आणि कुकी दाताखाली दबते. कुरकुरीत बिस्किटात पाणी साधारण दोन ते पाच टक्के असतं. मऊ कुकीत ते त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं. लोणी, मैदा, ओव्हन या सगळ्यांबद्दल पुढे जे काही सांगणार आहे, ते या उरलेल्या पाण्याभोवतीच फिरतं.

ही कुकी मूळची अमेरिकेची. जाड, फिकट, तोंडात टाकली की केकच्या जवळ जाणारी, वर लोणी-साखरेचं आयसिंग आणि रंगीत दाणे. नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या बाजूला घरून केक करणाऱ्या बायका वाढदिवसाच्या ऑर्डरबरोबर आता अशा कुकीजही देतात. आपल्या नानकटाईशी तिचं नातं उलटं आहे. नानकटाईत तूप, आणि तुपात पाणी जवळपास नसतंच, म्हणून ती खुसखुशीत. लोण्यात मात्र सुमारे १६ टक्के पाणी असतं. लोण्याऐवजी तेवढंच तूप घालून मऊ कुकी करायला गेलं, तर हाती नानकटाईची चुलत बहीण लागते. चवीला छान, पण आपल्याला हवी होती ती ही नव्हे.

केक शिळा झाला की कडक होतो आणि बिस्किट शिळं झालं की सादळतं, यावरून एकदा कर ठरला होता. ब्रिटनमध्ये चॉकलेट लावलेल्या बिस्किटांवर कर होता, केकवर नव्हता. १९९१ मध्ये जाफा केक नावाच्या पदार्थाचा वाद न्यायाधिकरणापुढे गेला, तेव्हा तो शिळा झाल्यावर कडक होतो हाही एक मुद्दा धरला गेला आणि निकाल केकच्या बाजूने लागला. या कसोटीवर आपली मऊ कुकीही केकच ठरते. ती हवेतून पाणी घेणार की हवेला देणार, हे तिच्यातल्या पाण्यावर आणि भोवतालच्या आर्द्रतेवर ठरतं. मऊ कुकीचा समतोल साधारण ५० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेला साधतो. एप्रिलच्या दुपारी नाशिकची हवा याहून पुष्कळच कोरडी असते, तेव्हा उघडी ठेवलेली कुकी संध्याकाळपर्यंत वाळते. जुलैत इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूने आलेली ओली हवा घरात भरली की तीच कुकी चिकट होते आणि वरचं आयसिंग पाझरतं. दोन्हीवर उपाय एकच, घट्ट झाकणाचा डबा. उन्हाळ्यात डब्यात पावाचा एक तुकडा ठेवावा. पावात पाणी जास्त, कुकीत कमी, त्यामुळे पाव वाळतो आणि कुकी मऊ राहते.

आता मैदा. गव्हातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाणी मिळालं आणि मळणी झाली की ग्लुटेनचं चिवट जाळं विणतात. पोळीला ते हवं, कुकीला नको. अमेरिकेत अशा कुकीजसाठी कमी प्रथिनांचं केकचं पीठ वापरतात, सात ते नऊ टक्क्यांचं. आपल्या मैद्यात प्रथिनं साधारण दहा-अकरा टक्के. पाकिटाच्या मागे आकडा छापलेला असतो, तो बघून घ्यावा. साडेदहा टक्क्यांच्या १२५ ग्रॅम मैद्यातला १६ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, काढून तेवढंच कॉर्नफ्लॉवर घातलं की मिश्रणातली प्रथिनं सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास येतात. कॉर्नफ्लॉवर म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात ग्लुटेन नाही. पीठ घातल्यावर हात आवरता घ्यायचा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. पोळीची कणीक तिंबायची सवय इथे उपयोगाची नाही.

साखरेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही आणि माझ्या मते आपल्याकडे निम्म्या कुकीज तिथेच बिघडतात. परदेशी कृतीत जी दाणेदार साखर सांगितलेली असते, तिचा दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्या किराणा दुकानातली साखर त्याच्या दुपटीहून जाड. लोणी आणि साखर एकत्र फेसताना साखरेच्या टोकदार कडा लोण्यात हवा ओढून नेतात. दाणा जाड असला की कडा कमी, म्हणून हवाही कमी. ही हवा महत्त्वाची आहे, कारण सोड्यापासून सुटणारा वायू पिठात नवे बुडबुडे जन्माला घालत नाही. फेसताना शिरलेले बुडबुडेच तो फुगवतो. शिवाय जाड साखर विरघळायलाही वेळ घेते आणि पिठात पाणी असतं मोजकंच. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २०० ग्रॅम साखर मावते, त्यामुळे बरीचशी साखर भट्टीत तापेपर्यंत दाण्यांच्याच रूपात राहते. तेव्हा मिक्सरमध्ये साखर दोन-तीन झटके फिरवून बारीक रव्यासारखी करावी. पिठी करू नये. पिठीने लोण्यात हवा धरली जात नाही. यातच चमचाभर मध घातला तर फायदाच. मधातलं फ्रुक्टोज पाणी धरून ठेवतं आणि थंड झाल्यावर साखरेचे पुन्हा स्फटिक होऊ देत नाही.

लोणी ‘खोलीच्या तापमानाचं’ घ्या, असं प्रत्येक कृतीत लिहिलेलं असतं. खोली कुठली? ज्यांनी लिहिलं त्यांच्या डोक्यात २०-२१ अंश असतात. लोणी फेसायला तेवढंच तापमान योग्य, कारण तेव्हा त्यात काही चरबी स्फटिकरूप असते, काही द्रव, आणि बुडबुडे टिकतात. ३२ ते ३५ अंशांना ते वितळतं. मे महिन्यात दुपारी पंचवटीतल्या एखाद्या माळ्यावरच्या स्वयंपाकघरात लोणी ओट्यावर ठेवलं तर फेसायला काही उरतच नाही. उलट जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत झळकत असतो, त्या सकाळी हेच लोणी दगडासारखं असतं. म्हणून घड्याळाऐवजी बोट वापरावं: दाबल्यावर खळगा पडला, पण बोटाला तेल लागलं नाही, म्हणजे लोणी तयार आहे. उन्हाळ्यात मी हे काम सकाळी लवकर उरकण्याच्या बाजूची आहे, नाहीतर भांडंच अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं. घरच्या सायीच्या लोण्यात पाण्याचं प्रमाण दर वेळी वेगळं, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याचं तूपच करावं हे उत्तम.

मूळ कृतीत अंडं आणि आंबट साय असते. अंडं न घालणाऱ्या घरांत दोन्हींच्या जागी चक्का चालतो, श्रीखंडाचा तोच, डेअरीत सहज मिळणारा. चक्क्यात पाणी आहे, ते पाणी धरून ठेवणारी दुधाची प्रथिनं आहेत आणि आंबटपणाही आहे. खाण्याच्या सोड्याला आम्ल मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक ग्रॅम सोड्यापासून पुरेशा आम्लाबरोबर सुमारे २९० मिलिलिटर वायू मिळतो. आम्ल नसेल तर सोडा नुसत्या उष्णतेनेही फुटतो, पण वायू निम्माच सुटतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. साबणासारखी चव येते ती त्याची. शिवाय अल्कधर्मी पिठाला रंग लवकर चढतो आणि ते ट्रेवर जास्त पसरतं. आपल्याला हवी जाड आणि फिकट कुकी, म्हणजे आम्लाची बाजू थोडी वरचढ ठेवायला हवी.

हे आम्ल द्यायची जुनी रीत म्हणजे क्रीम ऑफ टार्टर. केकचं सामान मिळतं त्या दुकानात छोट्या डबीत येणारी ही पांढरी पूड. नावात क्रीम असलं तरी सायीशी तिचा संबंध नाही. ती आहे पोटॅशियम बायटार्टरेट, आणि येते द्राक्षांपासून. बहुतेक फळांचा आंबटपणा सायट्रिक किंवा मॅलिक आम्लाचा असतो. टार्टारिक आम्ल भरपूर असणारी फळं थोडीच, द्राक्ष त्यातलं एक आणि आपली चिंच दुसरी. द्राक्षाच्या रसात हे आम्ल पोटॅशियमबरोबर जोडी जमवतं आणि तयार होणारा क्षार थंड पाण्यात फारसा विरघळत नाही. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम, उकळत्या पाण्यात मात्र सहा ग्रॅमच्या आसपास. रसाची वाईन होते तेव्हा अल्कोहोल वाढतं आणि विद्राव्यता आणखी घटते. मग टाकीच्या भिंतींवर आणि तळाशी स्फटिकांचा थर धरतो. बाटलीत असे खडे दिसले तर गिऱ्हाईक काच समजून घाबरतं, म्हणून वाईनरीत वाईन आधीच शून्याच्या खाली, उणे चार अंशांच्या आसपास थंड करून ते काढून टाकतात. खरवडलेला हा थर गरम पाण्यात विरघळवून पुन्हा थंड केला की शुद्ध स्फटिक मिळतात. विद्राव्यतेतल्या दहापट फरकाचा हा साधा उपयोग.

१९९९ मध्ये सुला विनयार्ड्स सुरू झाली आणि गेल्या पंचवीस वर्षांत नाशिक देशाच्या वाईनची राजधानी झालं. जानेवारी ते मार्च गंगापूर, दिंडोरीकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी आणि गाळप चालतं. त्या प्रत्येक टाकीत हे स्फटिक बसतात. वाईनरीत जायची गरज नाही. काळ्या द्राक्षांचा गाळलेला रस फ्रीजमध्ये काही दिवस राहिला, तर तळाशी वाळूसारखं काहीतरी बसलेलं दिसू शकतं. तीही बहुधा हीच वस्तू. लुई पाश्चर पंचविशीत असताना, १८४८ साली, याच आम्लाच्या दुसऱ्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने निवडत बसला होता. काही स्फटिक उजवे, काही डावे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. रेणूंनाही डावं-उजवं असतं ही रसायनशास्त्रातली मोठी गोष्ट तिथून पुढे आली.

स्वयंपाकापुरतं गणित असं की ८४ ग्रॅम सोड्याला पुरतं आम्ल द्यायला १८८ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर लागतं, म्हणजे वजनाने सव्वादोन पट. चमच्याच्या मापात एकास दोन धरतात. चक्क्याचा आंबटपणा जोडीला असल्यामुळे तेवढं पुरून थोडं आम्ल वरच राहतं.

अंदाज यावा म्हणून माप: मैदा २२० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ३०, बिनमिठाचं लोणी १००, साखर १४०, चक्का ८०, सोडा पाव छोटा चमचा, क्रीम ऑफ टार्टर अर्धा, मिठाची चिमूट, व्हॅनिला. गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा, म्हणजे लोणी घट्ट होतं आणि मैदा पाणी शोषून घेतो. मग पाऊण-एक सेंटिमीटर जाड लाटून वाटीने गोल कापायचे आणि १७५ अंशांना नऊ-दहा मिनिटं भाजायचे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं. आत ओल आहे तोवर कुकीचं पोट याच्या फारसं वर जात नाही. तांबूस रंग चढतो तो पृष्ठभाग वाळून १४० अंशांच्या पुढे गेल्यावर. म्हणजे रंग दिसला की पाणी गेलं असं समजावं. कडा किंचित पिवळसर, मधला भाग कच्चा वाटेल असा, अशा वेळी ट्रे बाहेर काढायचा आणि कुकीज त्याच्यावरच पाच मिनिटं राहू द्यायच्या. गरम पत्रा उरलेलं काम करतो. ज्यांना छान भाजलेला रंग आवडतो, त्यांनी सरळ नानकटाई करावी.

आयसिंगचं शास्त्र त्या मानाने सुटसुटीत. लोणी फेसून त्यात पिठीसाखर आणि चमचाभर दूध. खर खर लागली तर दोष दळण्याचा: पंचवीस-तीस मायक्रॉनहून मोठा कण जिभेला कळतो आणि मिक्सरमधल्या साखरेत असे कण भरपूर असतात. विकतची आयसिंग शुगर बारीक असते, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं कॉर्नफ्लॉवरही असतं. लावल्यावर तासा-दोन तासांत वरच्या थरातलं पाणी उडून साखरेचे सूक्ष्म स्फटिक होतात आणि पातळ साय धरते. मग कुकीज एकावर एक रचल्या तरी चिकटत नाहीत. मे महिन्यात लोण्याचं आयसिंग उभं राहत नाही. काही जण त्यात निम्मा डालडा घालतात. तो जास्त तापमानाला वितळतो, आणि जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आल्यामुळे पूर्वीइतका बदनामही राहिलेला नाही. पण टाळूला चिकटतो. मी त्यापेक्षा उन्हाळ्यात आयसिंग नसलेल्या कुकीज पत्करीन.

हंगामात रंगही द्राक्षांचाच घेता येतो. काळी द्राक्षं सालासकट शिजवून, गाळून, रस आटवून चमचाभर उरवायचा. त्यातलं अँथोसायनिन आम्लात लालगुलाबी दिसतं आणि उदासीन माध्यमाकडे गेलं की मळकट जांभळं होतं. लोणी आणि दुधात मिसळल्यावर रंग असा मलूल पडला, तर लिंबाचे तीन-चार थेंब टाकून फेसावं, गुलाबी परत येतो. रस मात्र एक चमच्याच्या वर नको, नाहीतर लोणी आणि पाणी वेगळं होऊन आयसिंग फुटतं.