पट्ट्याचं बकल काढा, मग जमिनीत बघू

विरार लोकलमध्ये सोपाऱ्याच्या स्तूपाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "आता मशीन फिरवलं की खालचं सोनं दिसतं ना?" पूर्वी गुप्तधनासाठी पायाळू माणूस शोधत, आता त्याच्या जागी रडार आलंय; समजूत तीच. (गुप्तधनाच्या नावानं चालणाऱ्या अघोरी प्रकारांवर २०१३ साली कायदा करावा लागला.)

जमिनीवर फिरवून चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र म्हणजे मॅग्नेटोमीटर; त्याला सोनं कळतच नाही. त्याला कळते विझलेली भट्टी, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

मातीत लोहाची ऑक्साइडं असतात, म्हणजे इवलेसे चुंबकच. पण तोंडं दहा दिशांना, त्यामुळे एकमेकांचा जोर मारतात. कुंभाराची भट्टी ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापली की त्यातल्या मॅग्नेटाइट नावाच्या ऑक्साइडचं हे चुंबकत्व पार मोडतं. भट्टी निवताना ते परत येतं, पण आता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ओढीनं कणांचा कल एका बाजूला होतो आणि तसाच गोठतो. शिवाय हवा कमी असलेल्या धुमसत्या आगीत लाल हेमॅटाइटचं (हेही लोहाचं ऑक्साइडच) मॅग्नेटाइट होतं, ते कितीतरी पटींनी जास्त चुंबकीय. त्यामुळे दोन हजार वर्षांनी वर भातशेती असली तरी तिथलं मोजमाप वेगळं येतं. मुंबईत पृथ्वीचं क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) वर, आणि आपण शोधतोय त्यातला पन्नास-शंभराचा फरक! इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटनला मार्टिन एटकेन यांनी १९५८ मध्ये याच मार्गानं रोमन काळातल्या भट्ट्या हुडकल्या.

म्हणून मोजणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको. बकल, ओढणीची सेफ्टी पिन, किल्ल्या, मोबाइल, सगळं बांधावर ठेवून चालायचं. शहराचा तर त्रासच. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला न्यावं लागलं होतं. यावर तोड म्हणजे एकाच दांड्यावर खाली-वर दोन संवेदक. लांबचा गोंधळ दोघांनाही जवळपास सारखाच, तो वजाबाकीत उडतो. पायाखालची भट्टी खालच्याला जास्त जाणवते, ती उरते.

आपल्याकडे अडचण बसाल्टची. लाव्हा निवताना तोही चुंबकित झालेला, त्याचे धोंडे नकाशाभर डाग पाडतात. मग सळ्या रोवून जमिनीचा विद्युतरोध मोजायचा: दगडी पाया वीज अडवतो, मातीनं भरलेला ओलसर खड्डा वाहू देतो. रडारच्या लाटा मात्र ओल्या चिकणमातीत फार खोल जात नाहीत, आणि खारट जमिनीत तर विचारूच नका.

प्रश्न विचारणारा अगदीच चुकीचा नाही म्हणा. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या डब्यांतली सगळ्यात आतली सोन्याचीच निघाली. तिच्यात होते मातीच्या भांड्याचे तुकडे.