गोठवलेला खिमा: कच्चा का घालायचा नाही

आम्ही कुत्र्यांसाठी गोठवलेला खिमा विकतो. श्रावण लागला की रोज फोन येतात. घरात मटण-मासळी शिजत नाही, मग कुत्र्याला खिमा कच्चाच मागीलदारी घातला तर चालेल ना? खिमा अँटिबायोटिकमुक्त आहे ना?

अँटिबायोटिकमुक्त असला, तरी कच्चा चालणार नाही. कोंबडीला दिलेलं अँटिबायोटिक औषध थांबवून ठरावीक दिवस गेले की तिच्या मांसातला औषधाचा अंश उतरतो. पण त्या औषधाला पुरून उरलेले जंतू तिच्या आतड्यात राहू शकतात आणि कापताना मांसाला लागतात. औषधाला दाद न देण्याचं जनुक पुष्कळदा जंतूतल्या प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं. तो कडा एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. हे कुत्र्याच्या पोटातही घडू शकतं, आणि कुत्रा तुमच्या पोरांचं तोंड चाटतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी तिथे मिळणारं विकतचं श्वानखाद्य तपासलं आणि २०२१ साली निष्कर्ष मांडले. कच्च्या गोठवलेल्या १४ च्या १४ नमुन्यांत अनेक औषधांना न जुमानणारे एंटेरोकोकस नावाचे आतड्यातले जंतू निघाले.

‘फ्रीजरमध्ये जंतू मरतात’ हा समज आम्हाला सगळ्यात महाग पडतो. मरत नाहीत, नुसते थांबतात. पावसात लाईट जाते, बर्फ सुटतो, लाईट आली की पाकीट पुन्हा गोठतं, आणि जुलाब लागले की तेच पाकीट आमच्याकडे परत येतं. असं पाकीट आम्ही बदलून देत नाही. काहींना राग येतो, पण तुमच्या घरी ते किती वेळ सुटलेलं होतं ते आम्हाला कसं कळणार? तेवढ्यासाठी पावकिलोची पाकिटंही ठेवली आहेत.

रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा, ओट्यावर नको. सकाळी पाण्यात घालून आतला गुलाबी रंग जाईपर्यंत उकळा. कांदा-लसूण नको, मीठही नको. सुरी आणि पाट साबणाने धुवा. जुलाब झालेच तर घरातली उरलेली गोळी देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. अर्धवट औषधाने हेच जंतू माजतात.

घरात शिजवायचं नसेल त्यांच्यासाठी आमचा वाफवलेला खिमा-भात आहे. थोडा महाग पडतो, कारण गॅस आमचा जळतो. बर्फ सुटल्यावर गरम न करताही घालता येतो, उरलेला मात्र पुन्हा गोठवू नका. गणपतीसाठी हवा असेल तर चतुर्थीच्या आठवडाभर आधी सांगा. मुंबईकर आले की आमचा फ्रीजर दोन दिवसांत रिकामा होतो.