ज्युनियर कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धा आल्या कुठून

डिसेंबर लागला की इकडं वऱ्हाडात अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांची वक्तृत्व स्पर्धांची धावपळ सुरू होते, कारण तारखाच तशा आहेत. 20 ला गाडगेबाबांची पुण्यतिथी, 27 ला पंजाबराव देशमुखांची जयंती, मग 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 ला जिजाऊ, आणि सिंदखेडराजा तर आपल्याच बुलडाण्यात. कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा फिरता चषक असतोच.

बरेच जण याचं मूळ इंग्रजांच्या डिबेटमध्ये नाहीतर पुण्याच्या व्याख्यानमालांमध्ये शोधतात. शहरापुरतं ते खरं असेल. अमरावतीत 1897 ला काँग्रेसचं अधिवेशन झालं, टिळकांचे जवळचे दादासाहेब खापर्डे तिथलेच, आणि भर सभेत लोकांना हसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ती वकील मंडळींची सभा, तिचा खेड्यातल्या शेतकऱ्याशी काय संबंध?

खेड्यात माणसं ऐकायला बसली ती कीर्तनाला. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तन, त्यातही स्वतःच बोलत सुटायचं नाही, समोरच्यांना सवाल टाकायचा, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचं, कर्ज काढून सण कराल का, देवाला बकरं कापाल का, आणि हे सगळं अस्सल वऱ्हाडीत. तुकडोजी महाराजांची खंजिरी त्याच वाटेवरची. 1942 मध्ये चिमूर-आष्टीत जे पेटलं त्यात त्यांच्या भजनांचा वाटा होता, म्हणून इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. बोलण्याची ताकद कशाला म्हणतात ते इथं गावानं डोळ्यांनी पाहिलंय.

1956 नंतर त्यात 14 एप्रिलची भर पडली. वस्तीवर, विहारात शाळेतली पोरं बाबासाहेबांवर भाषण करायला लागली, आणि माझ्या मते गावच्या पोरींना पहिल्यांदा माईक मिळाला तो याच जयंत्यांमध्ये.

स्पर्धेचं आजचं रूप मात्र बरंच नंतरचं. आधी अकरावी म्हणजे शाळेतलीच मॅट्रिक, 1975 च्या सुमारास 10+2+3 आलं, तालुक्याच्या हायस्कूलला ज्युनियर कॉलेज जोडलं गेलं आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा वेगळा गट तयार झाला. तोवर वणीचे प्राचार्य राम शेवाळकर यांचं वक्तृत्व गाजत होतं, संस्कृतचा साज, लांबलचक वाक्यं, एकही शब्द घसरायचा नाही. मराठीचे सर लोक तेच डोक्यात ठेवून पोरांना तयार करायचे.

आता गुणपत्रिका बघा. विषयाची मांडणी, भाषाशैली, उच्चार, हावभाव. पाच मिनिटांना पहिली घंटा, सात मिनिटांना दुसरी. एसटीनं आलेलं पोट्टं "सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक, वेळाधिकारी" इथपर्यंत झकास बोलते, पुढं भरात येऊन "पानी" म्हणते, "कोनी" म्हणते, अन् परीक्षकाचा पेन लगेच उच्चाराच्या रकान्यात जातो. विषय काय होता तर गाडगेबाबांचे विचार! ज्या माणसानं याच बोलीत गावंच्या गावं जागी केली त्याच्याच नावाच्या चषकासाठी ती बोली बोलली म्हणून मार्क कापायचे, हे काही मला पटत नाही बाप्पा. पोरंही हुशार झालीत, मोबाईलवरून पुस्तकी भाषण उतरवून घेतात, पाठ करतात, उच्चार बिनचूक येतो आणि नंबरही लागतो. परीक्षकानं मधेच एखादा सवाल टाकला तर मात्र बरेच जण अडकतात, आणि सवाल टाकायची पद्धतच स्पर्धेत ठेवलेली नाही.